आफ्रिकन बरिअल ग्राउंड, न्यूयॉर्क: फुकट आहे, पण दोन तास हातात ठेवून जा

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्सी सिटीला आल्या आहेत. पुतळा झाला, टाइम्स स्क्वेअर झाला, आउटलेट मॉलही झाला. मग एके दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मोकळं केलं म्हणून. ते गुलाम तुमच्या या गावात कुठे होते, ते दाखव की." आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. इतिहास हा त्यांचा विषय. मी अकरा वर्षं इथे राहते, त्यातली दोन वर्षं ब्रॉडवेवरच्याच एका ऑफिसात काढली, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर होतं आफ्रिकन बरिअल ग्राउंड, म्हणजे इथल्या काळ्या गुलामांची जुनी दफनभूमी.

गेल्या वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर मी लोअर मॅनहॅटनची एक पायी टूर केली होती, माणशी चाळीस डॉलर देऊन. गाइडने वॉल स्ट्रीटवर बँका, वॉशिंग्टनचा शपथविधी, सगळं रंगवून सांगितलं आणि वॉटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या पाटीसमोरून आम्हाला तसंच पुढे नेलं. आईंबरोबर गेले तेव्हा ती पाटी पहिल्यांदा थांबून वाचली. १७११ ते १७६२ इथे शहराचा गुलामबाजार भरत होता. ही पाटीसुद्धा लागली २०१५ साली. त्या चाळीस डॉलरचं मला तेव्हा नाही, आत्ता वाईट वाटलं.

म्हणून सांगते, टूर घेऊ नका. आम्ही गेलो तसं जा. बोलिंग ग्रीनला उतरायचं, जुन्या कस्टम हाउससमोर उभं राहायचं (फोर्ट जॉर्ज हा किल्ला इथेच होता), मग वॉल स्ट्रीट, मेडन लेन आणि ब्रॉडवेने वर चालत डुआन स्ट्रीट. दोन-अडीच किलोमीटर होतात. आईंचे गुडघे दुखतात, तरी बसत-उठत जमलं.

मेडन लेनला दोन्ही बाजूंनी काचेच्या इमारती आणि सॅलडची दुकानं. एप्रिल १७१२ मधल्या एका रात्री इथे वीस-पंचवीस गुलाम बंदुका, कुऱ्हाडी, सुरे घेऊन जमले आणि एका घरामागच्या खोपटाला त्यांनी आग लावली. आग विझवायला जे गोरे धावत आले, त्यांच्यावर ते तुटून पडले. नऊ गोरे मेले. किल्ल्यातून सैनिक आल्यावर ते उत्तरेला रानात पळाले. सहा जणांनी पकडलं जाण्याआधी स्वतःचा जीव घेतला. सत्तरच्या आसपास लोकांना धरलं, एकवीस जणांना मारलं. कुणाला जाळून, कुणाला फाशी देऊन, एकाला चाकावर हाडं मोडून, एकाला साखळदंडात जिवंत लटकवून. हे का झालं, ते तेव्हाच्या इंग्रज गव्हर्नर हंटरनेच वर कळवलं होतं: मालकांनी दिलेल्या वाईट वागणुकीचा सूड. आणि ती वागणूक सुधारायची सोडून कायदे काय झाले? तीनपेक्षा जास्त गुलामांनी एकत्र जमायचं नाही. एखाद्या मालकाला आपला गुलाम मोकळा करायचा असेल, तर आधी दोनशे पौंडांची हमी भरायची. मोकळं करू इच्छिणाऱ्याचाही हात बांधून टाकला.

आता मुख्य जागा. २९० ब्रॉडवे ही सरकारी कचेऱ्यांची उंच इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर माहिती केंद्र आणि बाजूला डुआन स्ट्रीटवर उघड्यावर स्मारक. तिकीट नाही. आत जाताना विमानतळासारखी तपासणी होते, त्यामुळे मोठ्या बॅगा आणि डबे नेऊ नका. सरकारी सुट्ट्या आणि आठवड्यातले बंद वार आदल्या दिवशी बघून घ्या.

१९९१ साली हीच इमारत बांधायला पाया खणला आणि खाली हाडं लागली. ट्रिनिटी चर्चने १६९७ मध्ये आपल्या आवारात काळ्यांना पुरायला मनाई केली होती. म्हणून मग ही गावाबाहेरची उतरती जमीन. १७९०च्या दशकात ती बंद झाली, वर भराव पडला, घरं झाली, दुकानं झाली. सुमारे पंधरा हजार माणसं इथे पुरली असावीत असा अंदाज आहे. पाया खणताना ४१९ जणांचे अवशेष निघाले. शहरातले काळे लोक रस्त्यावर उतरले म्हणून १९९२ मध्ये या स्मारकाच्या बाजूचं काम थांबलं, नाहीतर सगळ्यावर काँक्रीट ओतलं गेलं असतं. ते अवशेष हॉवर्ड विद्यापीठात अभ्यासले गेले आणि २००३ मध्ये, घानात कोरून घेतलेल्या लाकडी पेट्यांमधून, पुन्हा याच मातीत ठेवले. स्मारकाच्या कडेला हिरवळीचे सात उंचवटे दिसतात, ते तेच.

केंद्रात मधोमध पूर्ण मापाच्या माणसांचा एक देखावा आहे: अंत्यविधी चाललाय, एक पेटी मोठी, एक छोटी. शाळेच्या सहली इथे गलका करत येतात आणि त्या छोट्या पेटीपाशी आवाज आपोआप खाली येतो, हे मी पाहिलं. सापडलेल्यांत जवळजवळ निम्मी लहान मुलं होती. मोठ्यांच्या मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा, स्नायू जिथे हाडाला जोडतो ती जागा ताणून उचकटलेली. १७१२ चा उठाव मी आधी वाचला होता, पण 'वाईट वागणूक' म्हणजे काय ते मला या मणक्यांनी सांगितलं. आणि त्या देखाव्यासमोर हेही लक्षात ठेवा की १७२२ मध्ये नियम झाला, अंधार पडल्यावर पुरायचं नाही. १७३१ मध्ये आणखी एक, अंत्ययात्रेला बारापेक्षा जास्त माणसं नकोत. मयताला जमलेल्या लोकांचीही मालकांना भीती वाटत होती.

एका बाईबद्दल वाचून आई थबकल्या. तिला नाव नाही, क्रमांक आहे, ३४०. तिचे पुढचे दात आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे घासून आकार दिलेले होते आणि कमरेला शंभराहून जास्त मण्यांची माळ होती, त्यात कवड्याही. "कवड्या?" आई म्हणाल्या. आमचं गाव बार्शी, तुळजापूर तिथून जवळ. आईंच्या देवघरात अंबाबाईची कवड्यांची माळ आहे. त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. सगळं हिरावून घेतलेल्या बाईने ती माळ कशी जपली असेल, कुठे लपवली असेल, एवढंच त्या मला दोनदा म्हणाल्या.

आईंनी मला रेंजरला (इथल्या सरकारी माहितगाराला) विचारायला लावलं की उठाव केलेले लोक यांच्यात आहेत का. तो भला माणूस होता, आईंना बसायला खुर्ची दिली आणि सावकाश सांगत राहिला. ४१९ पैकी एकालाही नावाने ओळखता आलेलं नाही. नावं आहेत ती कोर्टाच्या कागदांत. विशेषतः १७४१ च्या.

त्या वर्षी हिवाळा फार कडक होता, धान्य महाग झालेलं, स्पेनशी युद्ध चाललेलं. शहरात दर पाच माणसांमागे एक काळा. १८ मार्चला किल्ल्यातलं गव्हर्नरचं घर जळालं, मग आगींमागून आगी लागत गेल्या. ह्यूसन नावाच्या गोऱ्या दारूगुत्तेवाल्याकडे गुलाम आणि गरीब गोरे एकत्र बसत, तिथे कट शिजला असा आरोप झाला. साक्षीदार कोण, तर त्याच्याकडची सोळा वर्षांची वेठीची मोलकरीण मेरी बर्टन, आणि समोर शंभर पौंडांचं बक्षीस. तेरा काळ्यांना जिवंत जाळलं, सतरा जणांना फाशी, चार गोरेही फासावर, सत्तरहून जास्त लोकांना देशाबाहेर विकलं. मेरी बड्या गोऱ्यांकडे बोट दाखवायला लागली तेव्हा मात्र चौकशी आवरती घेतली गेली. कट खरा होता की घाबरलेल्या शहराने रचलेला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला वाटतं, संताप खरा होता, त्याला कट म्हणून बांधलं न्यायाधीशांनी.

किल्ल्याला आग लावल्याचा ठपका क्वॅक नावाच्या माणसावर होता. त्याची बायको गव्हर्नरकडे स्वयंपाकीण, आणि त्याला तिला भेटायला आत सोडत नव्हते. सरण पेटायच्या आधी त्याने कबुली दिली. सुटका होईल या आशेने दिली, पण गर्दी ऐकेना, जाळलंच. त्याच्याबरोबर कफी नावाचा दुसरा. रेंजर म्हणाला, ही नावं मालकांनी वेडीवाकडी लिहिलेली. मूळ घानाकडची क्वाकू आणि कोफी, बुधवारी जन्मलेला आणि शुक्रवारी जन्मलेला.

हे मी मराठीत सांगितलं तशा आई एकदम खुर्चीतून उठल्याच. त्यांची पहिली नेमणूक जव्हारला होती. "माझ्या वर्गात बुध्या होता, सोम्या होता, सुक्री होती. हजेरी घेताना वाराचीच नावं असायची."

बाहेरच्या स्मारकात काळ्या ग्रॅनाइटची चोवीस फूट उंच कोठडी आहे. माणसं जेवढ्या खोलीवर सापडली, तेवढीच तिची उंची. अरुंद दारातून आत गेलं की ब्रॉडवेचा गोंगाट कमी होतो. पुढे गोल उतार खाली जातो, भिंतीवर वेगवेगळ्या धर्मांची चिन्हं, पायाखाली आफ्रिका मध्ये ठेवून काढलेला नकाशा. उतार हळू आहे, काठी घेऊन चालणाऱ्यांनाही जमेल. पावसात दगड निसरडा होतो तेवढं सांभाळा. दहा वर्षांवरच्या मुलांना जरूर न्या, त्याहून लहानांना आधी थोडं समजावून.

आई त्या सात उंचवट्यांजवळच्या कट्ट्यावर बसल्या आणि पर्समधून त्यांची हिशोबाची वही काढली. दुधाच्या आणि ट्रेनच्या तिकिटांच्या हिशोबाखाली त्यांनी लिहिलं: क्वाकू, बुधवार. कोफी, शुक्रवार. मग मला विचारलं, "आणि त्या ३४० नंबरच्या बाईचा वार कुठला असेल गं?"