मक्तेदाराविरुद्ध काय मागावं: दंड, विभाजन की आदेश?

बाजारातली बलाढ्य कंपनी तुमची वाट अडवते आहे आणि तक्रार करायची, हे ठरलं. पण स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाकडे मागायचं काय? मोठं असणं हा मुळात गुन्हा नाही. त्या बळाचा गैरवापर सिद्ध करावा लागतो. तिथे ढिलाई असेल तर पुढची निवड व्यर्थ.

बातमी होते ती दंडाची. युरोपीय संघात तो जागतिक वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अँड्रॉइड प्रकरणी २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड झाला. न्यायालयाने २०२२ मध्ये तो ४.१२५ अब्जांवर आणला. आकडा डोळे दिपवतो, पण पैसा सरकारी तिजोरीत जातो. तुमच्या नुकसानीसाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो. अमेरिकेत तो जिंकला तर तिप्पट भरपाई मिळते.

विभाजन हा जालीम उपाय, आणि तो क्वचितच पदरात पडतो. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेल कंपनीच्या ३४ कंपन्या झाल्या. १९८४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. स्थानिक आणि लांब पल्ल्याची सेवा वेगळी काढता येण्यासारखी होती, म्हणून ते जमलं. मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा २०००चा आदेश मात्र पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला.

उरतो वागणुकीबाबतचा आदेश: माहिती द्या, भेदभाव थांबवा, ग्राहकाला पर्याय दाखवा. ऐकायला मिळमिळीत, पण माझा कौल यालाच. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने (युरोपीय संघाचा नियामक) मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला, शिवाय प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर विंडोजशी नीट जोडले जावेत म्हणून लागणारी तांत्रिक माहिती देण्याचा आदेशही दिला. कंपनीने टाळाटाळ केली, तेव्हा २००८ मध्ये आणखी ८९.९ कोटींचा दंड झाला (पुढे तो ८६ कोटींवर आला). म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा आदेश न पाळणं महाग पडलं! ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्याचं वचनही तिने दिलं होतं. तो सुमारे १४ महिने कित्येकांना दिसलाच नाही, म्हणून २०१३ मध्ये पुन्हा ५६.१ कोटी. तेव्हा आदेश मागताना त्यात मुदत, स्वतंत्र देखरेख आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाचा दंडही मागून घ्या.

धंदा अजून तग धरून असेल तर आदेश मागा, आणि निकालाला वर्षं लागतात म्हणून अंतरिम दिलासाही. धंदा बुडालाच असेल तर आदेशाचा तुम्हाला काय उपयोग? भरपाईचा दावा लावा. विभाजनाची मागणी, बाजारपेठही त्याच कंपनीची आणि तिथला विक्रेताही तीच असेल, तेव्हाच.