पहिलं रेकॉर्डिंग: सगळे एका खोलीत की एकेकाचा ट्रॅक वेगळा?

जुन्या धाटणीचा ब्लूज-रॉक वाजवणाऱ्या कोल्हापुरातल्या बँडची पाच-सहा गाणी बसली, की हा प्रश्न हमखास येतो. एक वाट अशी: ड्रम, बेस, गिटार आणि गायक एकाच खोलीत, एकाच वेळी, आठ चॅनेलच्या इंटरफेसवर (माइक आणि वाद्यांचा आवाज संगणकात नेणारी पेटी). दुसरी: लॅपटॉप, दोन चॅनेलचा इंटरफेस, कानात क्लिक (ठरलेल्या वेगाची टकटक), आणि ज्याला जसा वेळ मिळेल तसं त्याने येऊन आपला भाग वाजवून जायचं. आम्ही दोन्ही वाटांनी गाणी केली आहेत. कल पहिल्या वाटेकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण काही बँडनी दुसऱ्याच वाटेने जावं, त्यांच्याबद्दलही खाली लिहिलं आहे.

निर्णय घेण्याआधी द ब्लॅक कीजची वाटचाल एकदा क्रमाने ऐकावी. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात दोघांनी सुरू केलेला हा बँड. २००३ चा 'थिकफ्रीकनेस' त्यांनी ड्रमरच्या तळघरात, पाव इंची टेपवर चालणाऱ्या टॅस्कॅम ३८८ या आठ ट्रॅकच्या मशीनवर सुमारे १४ तासांत उरकला. पुढचा अल्बम बंद पडलेल्या टायर कारखान्यात केला. २००८ मध्ये डेंजर माउस निर्माता म्हणून आला, रीतसर स्टुडिओ आला, आवाजाचे थर वाढले आणि २०१० च्या 'ब्रदर्स'ने त्यांना मोठ्या मंचावर नेलं. नॅशव्हिलमध्ये स्वतःचा स्टुडिओही झाला. आणि तरी २०२१ च्या 'डेल्टा क्रीम'साठी मिसिसिपीच्या डोंगराळ भागातला जुना ब्लूज वाजवायची वेळ आली, तेव्हा ते पुन्हा सोबत्यांना घेऊन एका खोलीत बसले आणि दोन दुपारांत, साधारण दहा तासांत, काम संपवलं. पैसा, यंत्रं, वेळ यांतलं काही कमी नव्हतं. त्या संगीताला हीच पद्धत मानवते, म्हणून ते परत फिरले असं आम्हाला वाटतं.

इथे एक गैरसमज होतो. द व्हाइट स्ट्राइप्सनी २००३ चा 'एलिफंट' लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, बहुतांशी आठ ट्रॅकच्या टेपवर, संगणक न वापरता केला, हे वाचून पोरं टेप मशीन शोधायला निघतात. त्याची गरज नाही. टेप मिळणं, हेडची सफाई, अलाइनमेंट यातच हुरूप संपून जातो. त्या रेकॉर्डमधून घ्यायचं ते एवढंच, की ट्रॅक मोजके असले तर निर्णय आधी घ्यावे लागतात.

आणि ही पद्धत आपल्या गावाला परकी नाही. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' प्रभातने कोल्हापुरातच केला. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नट गायचे आणि त्याच वेळी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून वादक वाजवायचे. एकाची चूक झाली तर सगळ्यांना पहिल्यापासून.

दुसऱ्या वाटेचे फायदे उघड आहेत. फ्लॅटमध्ये जमतं, शेजारी तक्रार करत नाहीत, बेसवाला पुण्यात नोकरीला असला तरी ट्रॅक पाठवू शकतो, आणि गायकाला एक ओळ वीस वेळा गाता येते. वाजवताना बफर, म्हणजे संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवावा, मिक्स करताना वाढवावा. बेस सरळ डीआयमधून (अँप-माइकशिवाय वाद्य थेट इंटरफेसला जोडणाऱ्या पेटीतून) घ्यावा. अडचण फक्त ड्रमची. दोन चॅनेलवर ड्रम नीट येत नाहीत, म्हणून बहुतेक जण ते संगणकावर प्रोग्रॅम करतात.

पारडं फिरलं ते इथेच. क्लिकमुळे.

ब्लूजच्या बारा बारच्या (मात्रांच्या गटांच्या) आवर्तनात चौथा बार संपताना ई कॉर्डवरून ए कॉर्डवर जायचं असतं. मुरलेला गायक चौथ्या बारचा शेवटचा शब्द धरून ठेवतो, आणि ड्रमर त्याच्यासाठी केसभर थांबतो. लावणीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पावलावर असते, तशी इथे ड्रमरची नजर गायकाच्या तोंडावर असावी लागते. क्लिक कुणासाठी थांबत नाही. मग गायक शब्द लवकर सोडायला शिकतो, गिटारवाला त्या जागी सफाईने ए वर जातो, आणि गाणं अचूक पण कोरडं होतं. शफलचे, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीचे, तर फारच हाल होतात. एका ठोक्यातल्या दोन सुरांपैकी पहिल्याचा वाटा सरळ वाजवताना ५० टक्के आणि पूर्ण तिपटीत ६६.७ टक्के असं धरलं, तर सॉफ्टवेअरला यांच्यामधला एक आकडा द्यावा लागतो आणि तो गाणंभर तोच राहतो. माणसाचा शफल संथ गाण्यात तिपटीजवळ असतो, लय चढली की सरळ होत जातो, आणि सोलोच्या मागे आणखी वेगळा पडतो. मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं शेवटच्या आवर्तनात १०० वर जाणं हा दोष नाही, ती त्या गाण्याची चढण आहे. टेम्पो मॅप करून, म्हणजे क्लिकचा वेग जागोजागी बदलून, हे साधता येतं हे मान्य, पण तेव्हा श्वास कुठे घ्यायचा हे गाण्याआधीच ठरवावं लागतं. आम्ही मोजमाप केलेलं नाही. तीच गाणी दोन्ही प्रकारे ऐकवल्यावर मान कुठल्या गाण्याला डोलते, एवढंच पाहिलं.

आता एका खोलीत करायचं तर खोलीपासून सुरुवात. १२ बाय १८ फुटांची चालते. फरशी आणि स्लॅब असेल तर आधी टाळी वाजवून बघा. टाळीमागे फडफडल्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंतींपैकी एक झाकलीच पाहिजे. जाड धनगरी घोंगडी यासाठी फार उत्तम. भिंतीला चिकटवून टांगू नका, चार ते सहा इंच अंतर ठेवा, म्हणजे ती आणखी खालचे सूर शोषतात. ड्रमखाली जाजम घाला. ड्रम कोपऱ्यात नकोत, कारण तिथे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) फुगते आणि मिक्समध्ये कापूनही जात नाही. मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल मोठा म्हणून मोह होतो, पण त्याचा घुमारा नंतर काढता येत नाही. पत्र्याचं शेड मिळालं तर पावसाळा सोडून, आणि आसपासचे कारखाने साप्ताहिक सुटीला बंद असतील त्या दिवशी. गणपतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर वर्ज्यच समजा. ताशाचा सराव दोन गल्ल्या पलीकडून ड्रमच्या वर लावलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये शिरतो.

ड्रमला चार माइक पुरतात: किक, स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) आणि दोन ओव्हरहेड. रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्सची पद्धत घ्या. एक ओव्हरहेड स्नेअरच्या वर साधारण ४० इंचांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या ड्रमच्या) पलीकडे, टॉमच्या कडेपेक्षा वीतभर उंच, तोंड हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांकडे). स्नेअरच्या मध्यापासून दोघांचं अंतर तंतोतंत सारखं हवं. मोजायची टेप धरण्यापेक्षा सुतळी घ्या: एक टोक स्नेअरवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं पहिल्या माइकला लावून गाठ मारायची, आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लावायची. एक फुटाचा फरक म्हणजे जवळपास ०.९ मिलिसेकंद. तेवढ्या उशिरानेही स्नेअर पोकळ आणि पातळ वाजते, आणि मग लोक ड्रमच्या कातड्याला दोष देतात.

गिटारला ५ ते १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप भरपूर झाला. स्टुलावर ठेवा, वीस मिनिटं तापू द्या. एसएम ५७ माइक अँपच्या जाळीपासून दोन बोटं दूर, स्पीकरच्या कोनच्या मध्यापासून किंचित बाजूला, आणि माइकची पाठ ड्रमकडे, कारण अशा कार्डिऑइड (समोरचं जास्त टिपणाऱ्या) माइकला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येतं. बेसला अँप लावूच नका. डीआयमधून घ्या, वादकाला हेडफोनमध्ये द्या, नाहीतर बेसच्या प्रत्येक सुराला स्नेअरच्या खालच्या तारा खरखरतात. गायक ड्रमपासून आठेक फुटांवर, ड्रमरला तोंड दिसेल असा. त्याच्या माइकचीही पाठ ड्रमकडे. घोंगडं मात्र गायकाच्या पाठीमागे टांगायचं, समोर नाही; माइक बघतो ती भिंत त्याच्या पाठीमागचीच असते.

विजेचं काम चुकलं तर सगळा दिवस वाया जातो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून घ्या. सिंगल-कॉइल पिकअपची (गुणगुण लवकर पकडणारी) गिटार असेल तर चोकची ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, त्याची गुणगुण ट्रॅकमधून पुसता येत नाही. लेव्हल ठेवताना सर्वांत जोरकस ठोका मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. साउंड चेकपेक्षा टेकमध्ये (प्रत्यक्ष रेकॉर्ड करताना) ड्रमर नेहमीच जोरात वाजवतो. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नको. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग. एका गाण्याचे सलग तीन टेक, मग पंधरा मिनिटं बाहेर चहा. चौथा टेक बहुधा पहिल्यापेक्षा वाईट येतो.

या वाटेचा खरा काटा म्हणजे ब्लीड, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं. गायकाचा आवाज ओव्हरहेडमध्ये उतरतो. नंतर त्याने ओळ पुन्हा गायली, की जुनी ओळ मागून भुतासारखी ऐकू येते. म्हणजे गायक कच्चा असेल तर ही पद्धत निष्ठुर आहे. दोन टेक जोडायचे झाले तर लय जुळलेल्या जागीच, आवर्तनाच्या पहिल्या किकच्या किंचित आधी कापावं लागतं. मधली ओळ उचलून आणता येत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे कायमचा ड्रमर नाही, किंवा ज्यांचा गायक अजून सुराला घट्ट नाही, त्यांनी निःसंकोच दुसरी वाट धरावी. फक्त गाइड ट्रॅक (बाकीच्यांनी ज्याच्यावर वाजवायचं तो कच्चा ट्रॅक) क्लिकवर घेऊ नये. गायक आणि गिटार यांचा एक मोकळा टेक घ्यावा आणि ड्रम त्याच्यावर बसवावेत, मग ते हाताने प्रोग्रॅम केलेले का असेनात. काम दुप्पट होतं, पण थांबण्याच्या जागा शाबूत राहतात.

गायक मध्यम असेल तर मधला मार्ग आहे. ड्रम, बेस आणि गिटार एकत्र, एका खोलीत, क्लिकशिवाय. गायक शेजारच्या खोलीत, हेडफोन लावून, गाइडपुरता. अस्सल आवाज आठवड्याने निवांत घ्यायचा. मधलं दार पूर्ण लावू मात्र नका. ड्रमरला गायकाचे ओठ दिसतील एवढं किलकिलं ठेवा आणि फटीवर घोंगडं अर्धं ओढून घ्या.