नवजात बाळांच्या फोटोंसाठी जुनी मॅक्रो लेन्स घेताना मी ३२ हजारांना फसलो

परभणीत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट फोटो, जे येईल ते काम करतो. गेल्या दोन-तीन वर्षांपासून आठ-दहा दिवसांच्या बाळांचे फोटो काढून द्या म्हणून लोक विचारायला लागले आहेत. या कामात नवीन उतरणारी बरीच पोरं माझ्यासारखीच लेन्स शोधत असणार, म्हणून झालं ते सगळं लिहून ठेवतो.

माझ्याकडे कॅनन २००डी कॅमेरा आणि त्याच्यावर ५० एमएम एफ १.८ लेन्स. मोबाईलवर जुन्या सामानाच्या जाहिराती बघताना कॅननची १०० एमएम एफ २.८ एल मॅक्रो दिसली, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स. किंमत ३२ हजार. फोन केला. माणूस बोलायला फार गोड. म्हणाला, "भाऊ, न्यूबॉर्न करायचं असेल तर मॅक्रोशिवाय धंदाच नाही. बाळाच्या पापण्या, बोटं, ओठ, सगळं हिच्यातच येतं. पन्नासवर काढलेले फोटो पार्टी घेत नाही."

माझी खरी फसवणूक या वाक्यापासून सुरू झाली. लेन्स खराब निघाली ते नंतरचं. हीच लेन्स लागते, हे मी एका विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिथंच मान्य केलं.

५ हजार रुपये ॲडव्हान्स यूपीआयने पाठवले. उरलेले २७ हजार रोख घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो. भेट ठरली बसस्टँडवर, संध्याकाळी साडेसातला. दुकानात किंवा घरी भेटू म्हणालो, तर म्हणे मला लगेच पुण्याची गाडी आहे. तिथल्या ट्यूबलाइटखाली लेन्स कॅमेऱ्याला लावली, समोरच्या पाटीवर फोकस केला, एसटीचे दोन फोटो काढले. फोकस झटकन बसत होता. स्क्रीनवर फोटो चांगले दिसले. बिलाचा फोटो त्याने स्वतःच्या मोबाईलवर दाखवला आणि पुढं सरकवला. बोलता बोलता एवढंही बोलून गेला की ही लेन्स आधी कोकणातल्या एका फोटोग्राफरकडे होती. माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. आपल्याकडची हवा कोरडी, लेन्सला बुरशी लागणं आपण फारसं बघत नाही, त्यामुळे टॉर्च मारून काच बघायची सवयच आपल्याला नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत पाच-सहा पावसाळे बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सचं काय होतं, हे मला विचारायला सुचायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात काम मिळालं. नऊ दिवसांची मुलगी, बाळंतीण माहेरी आलेली. खोली आठ बाय दहाची. एका भिंतीला बाज, कोपऱ्यात शेगडी, पूर्वेला एकच खिडकी. मला तेवढी पुरे होती. खिडकीचा उजेड बाळाच्या डोक्याकडून तिरका खाली येईल असा बाजेचा कोन केला, पंखा बंद केला. आजी म्हणाली, "दादा, लेकरू आत्ताच निजलंय, उठवू नका बरं."

आधी बाळाचा पूर्ण फोटो घ्यायला गेलो. २००डीसारख्या छोट्या सेन्सरवर १०० एमएम लावून बाजेवरचं बाळ दुपट्यासकट फ्रेममध्ये घ्यायचं तर जवळपास ९ फूट मागं सरकावं लागतं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो तरी पाय कापले जात होते. वरून घ्यायचा तर स्टुलावर चढूनही ते अंतर मिळत नाही. ५० एमएमला साडेचार फुटांत काम होतं. हा हिशोब घरच्या घरी, उशीवर बाहुली ठेवून सुद्धा करता आला असता.

मग म्हटलं पापण्या घेऊ, त्यासाठीच तर आणली. जवळ गेलो, शटर अर्धं दाबलं. लेन्स पुढं-मागं फिरत राहिली, कुर्र कुर्र करत, फोकस काही धरेना. पाच वेळा, दहा वेळा. त्या आवाजानं बाळ दचकलं. शेवटी हातानं फोकस करून काही फोटो काढले, तर खिडकीच्या बाजूनं सगळ्यावर दुधाळ पडदा. काळे केस करडे दिसत होते.

लेन्स काढून ठेवली आणि माझी जुनी ५० एमएम लावली. एफ ४, शटर १/२००, आयएसओ थोडा वाढवला. मुलगी परत झोपली. आजीच्या तळव्यावर तिची पावलं, आईच्या बोटात तिची मूठ, खिडकीकडं तोंड करून जांभई. त्या घरानं जे फोटो फ्रेम करून भिंतीला लावलेत ते सगळे त्याच लेन्सचे आहेत. एफ १.८ ठेवला असता, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं, तर इतक्या जवळून एक डोळा नीट आणि दुसरा धूसर आला असता. वडिलांनी मोबाईलवर दोन्ही हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाचा फोटो दाखवला आणि तसा हवा म्हणाले. त्यांना सांगितलं की तो दोन फोटो जोडून करतात, प्रत्येक फोटोत कुणीतरी बाळाचं डोकं किंवा हात धरलेले असतात. बाळ एकटं तसं कधीच ठेवायचं नाही. त्यांनी लगेच ऐकलं.

घरी येऊन नीट बघितलं तेव्हा विकणाऱ्याची चलाखी कळली. या लेन्सच्या अंगावर फोकसच्या अंतराचं बटण असतं, त्याला तीन जागा: पूर्ण, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटरपासून पुढं. त्याने ते ०.५ च्या पुढं लावून दिलं होतं. म्हणून बसस्टँडवरची पाटी झटकन फोकस झाली. मी गावी जायच्या आधी ते पूर्णवर केलं, पण जवळचा एकही फोटो काढून बघितला नाही. बिघाड जवळच्या अंतरातच होता. म्हणजे ज्या कामासाठी मॅक्रो घेतात नेमकं तेच काम ती करत नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं. बिलावरचा सिरियल नंबर आणि लेन्सवरचा नंबरही वेगळा निघाला. दुरुस्तीवाल्यानं मागून टॉर्च मारून दाखवलं: आतल्या काचेवर कडेपासून मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. ही बुरशी, फोटोवरचा दुधाळ पडदा तिचाच. दुरुस्तीला १४ हजार सांगितले, आणि बुरशीनं काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग जाणार नाहीत हेही सांगितलं. मी दुरुस्त केली नाही.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, पण पुरावा फक्त त्या ५ हजारांच्या यूपीआय व्यवहाराचा. रोख दिलेल्या २७ हजारांची कुठंच नोंद नाही. तक्रारही उशिरा केली. असे पैसे अडवायचे तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. मी लाजेपोटी तीन आठवडे घरात सुद्धा बोललो नव्हतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, मला बरोबर नेलं असतं तर मी टॉर्च तरी धरला असता."

तुम्ही जुनी लेन्स बघायला जाल तेव्हा दिवसा जा. कॅमेऱ्यावरून काढलेल्या या लेन्सची पानं, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पात्या, पूर्ण उघडी असतात, मागून टॉर्च लावून समोरून तिरकं बघा, आतली काच आरपार दिसते. अंतराचं बटण स्वतःच्या हातानं पूर्णवर करा आणि नोटेवरची बारीक अक्षरं अगदी जवळून फोकस करून बघा, वीस वेळा. खिडकीसमोर एक फोटो घ्या. बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा, आणि पैसे रोख देऊ नका. आणि मॅक्रो घेतलीच तरी ती ६२५ ग्रॅमची आहे आणि पूर्ण जवळचा फोटो घेताना बाळापासून साधारण अर्ध्या फुटावर येते, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असल्याशिवाय बाळावर वाकायचं नाही.

पापण्या आणि नखांसाठी मी आता ५० एमएमच्या मागे १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब लावतो, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ रिंग, कॅमेऱ्याशी जोडणारे संपर्क असलेली, म्हणजे ऑटोफोकस चालू राहतो. तिच्यात काच नसते, त्यामुळे बुरशीचा प्रश्नच नाही. नऊ दिवसांच्या बाळाच्या बोटांसाठी तेवढं पुरतं.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, फोटो तेच: निळ्या चौकड्यांच्या चादरीवर लाल पट्ट्याची लेन्स, शेजारी उघडा खोका, मागं स्टीलच्या तांब्याचा अर्धा भाग. आता किंमत २९ हजार लिहिली आहे. त्या फोटोतली लेन्स माझ्या कपाटात आहे. हे फोटो कुणाला दिसले तर ॲडव्हान्स पाठवू नका.