ॲनालिसिसला कुठलं पुस्तक घेऊ, मामा?

भाचीचा फोन आला तेव्हा ती माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर उभी होती. ऑगस्टातला पाऊस, मागे बसचे हॉर्न, त्यात हिचा प्रश्न. "मामा, रूडिन मिळतंय. कव्हर फाटलंय, पण पानं सगळी आहेत. घेऊ? का ताओचं नवं मागवू?" टी.वाय.ला गणित, फेब्रुवारीत जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा, द्यायचीय, शिकवणी नाही आणि हातात पैसे एका पुस्तकाचे, फार तर दीड. मी म्हटलं, "आत्ता काही घेऊ नकोस. संध्याकाळी डोंबिवलीला ये." ती आली, आणि आम्ही टेबलावर चार पुस्तकं शेजारी-शेजारी उघडून ठेवली. त्या रात्रीचं बोलणं थोडं आवरून इथे मांडतोय, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

चारही पुस्तकं ॲनालिसिसची, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धतांची, आणि प्रमेयं जवळपास तीच आहेत. सिद्धतेच्या मधल्या पायऱ्या कुणी चढायच्या, पुस्तकाने की वाचणाऱ्याने, यावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. ते कळायला प्रस्तावना वाचून उपयोग नाही. एकच विषय चारही ठिकाणी काढून बघायचा. आम्ही २ चं वर्गमूळ घेतलं.

रूडिनचं 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनालिसिस' पहिल्यांदा १९५३ मध्ये आलं. आज सगळीकडे दिसते ती १९७६ ची तिसरी आवृत्ती. साडेतीनशेच्या आत पानं, चित्रं जवळजवळ नाहीतच. सुरुवातीलाच २ चं वर्गमूळ परिमेय नाही हे दाखवून झालं, की पुढचा मुद्दा येतो: ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे अशा धन परिमेय संख्यांत सगळ्यात मोठी अशी कुठलीच नसते. त्यासाठी रूडिन सांगतो, अशी कुठलीही संख्या प घ्या, (प² − २) ला (प + २) ने भागा आणि आलेलं उत्तर प मधून वजा करा. जी संख्या मिळते ती प पेक्षा मोठी असते, तरी तिचा वर्ग २ च्या आतच राहतो. करून बघा: १ घातला की ४/३ येतो, ४/३ घातला की ७/५, ७/५ घातला की २४/१७. ताळा बरोबर बसतो. पण ही राशी सुचली कुठून? पुस्तक गप्प.

मीही विद्यार्थी असताना ती जादू म्हणून पाठ केली होती. बऱ्याच वर्षांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर य = क्ष² − २ हा वक्र काढला, त्यावर क्ष = प आणि क्ष = २ इथले दोन बिंदू घेतले आणि त्यांतून छेदिका ओढली. तिचा चढ बरोबर प + २ निघतो, आणि ती अक्षाला जिथे छेदते तीच रूडिनची संख्या. वक्र वर वाकलेला असल्यामुळे त्या दोन बिंदूंमध्ये छेदिका वक्राच्या वरून जाते. म्हणून ती अक्षावर पोचते तिथे वक्र अजून अक्षाखालीच असतो, म्हणजे वर्ग २ च्या आतच. एवढंच! रूडिनने हे चित्र काढलं असतं तर पुस्तक अर्ध्या पानाने वाढलं असतं.

पुस्तकभर असंच आहे. दुसऱ्याच प्रकरणात मेट्रिक स्पेस (ज्यांत अंतर मोजता येतं असे संच) आणि कॉम्पॅक्ट संच येतात, तेही विवृत आवरणांच्या व्याख्येने. सिक्वेन्स, म्हणजे क्रमिका, तिसऱ्या प्रकरणात. ज्याने आधी एकदा सिक्वेन्स घासल्यात त्याला हा क्रम फार देखणा वाटतो. ज्याने नाही घासल्या, तो दुसऱ्या प्रकरणात अडकतो आणि आपल्याला गणित जमत नाही असं ठरवून मोकळा होतो. अशी चांगली मुलं मी पाहिलीत. शेजारी विचारायला कुणी असेल, किंवा हे तुमचं दुसरं पुस्तक असेल, तर रूडिनसारखं दुसरं नाही. उदाहरणं तर आजही अव्वल.

ताओचं 'ॲनालिसिस' बरोबर उलट्या स्वभावाचं. लॉस एंजेलिसला शिकवलेल्या वर्गाच्या टिपणांतून ते तयार झालं आणि २००६ मध्ये, म्हणजे त्याला गणितातलं फील्ड्स पदक मिळालं त्याच वर्षी, हिंदुस्तान बुक एजन्सीने दोन भागांत काढलं. जगप्रसिद्ध लेखकाचं पुस्तक आधी भारतीय प्रकाशकाकडून यावं हे आपल्याकडे क्वचितच घडतं. सुरुवात गमतीची आहे. १ + २ + ४ + ८ + … या बेरजेला शाळेतलीच युक्ती लावली तर उत्तर −१ येतं. मग कुठली युक्ती कधी चालते हे ठरवायचं कसं? तिथून तो थेट पेआनो या गणितज्ञाच्या गृहीतकांपर्यंत खाली उतरतो आणि नैसर्गिक संख्यांपासून सगळं बांधत वर येतो. वास्तव संख्या पाचव्या प्रकरणात, कॉशी सिक्वेन्समधून. ज्याचा वर्ग २ आहे अशी संख्या खरोखर अस्तित्वात आहे हेही तिथेच सिद्ध होतं.

बोलणं मोकळं म्हणून पुस्तक सोपं असेल असं समजू नका. पुस्तकातल्याच कितीतरी विधानांच्या सिद्धता तो स्वाध्यायात टाकतो. बेरजेचा साहचर्य नियमसुद्धा तुम्हीच सिद्ध करायचा. स्वाध्याय सोडले तर हातात नुसत्या गप्पा उरतात. एकट्याने शिकणाऱ्याला तो जसं शिस्तीत लिहायला लावतो तसं इतर कुणी लावत नाही, पण त्याला वेळ हवा. शिवाय मेट्रिक स्पेस दुसऱ्या भागात आहेत, म्हणजे खर्च दोन पुस्तकांचा.

बार्टल-शेर्बर्ट हे तिसरं. त्याच्याबद्दल लिहायला फार काही नाही, आणि तेच त्याचं बलस्थान. उदाहरणं भरपूर, एप्सिलॉन-डेल्टा (सीमेची काटेकोर व्याख्या) हाताला बसेपर्यंत तेच ते, मागे निवडक प्रश्नांच्या सूचना. जॅमला सिक्वेन्स, सिरीज आणि सांतत्य यांचा जो सराव लागतो तो इथे सरळ मिळतो. रूडिनभक्त नाक मुरडतात. मुरडू देत.

चौथं आपल्या पवईचं. सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये, दोघांनीही आयआयटी मुंबईत शिकवलंय; 'अ कोर्स इन कॅल्क्युलस अँड रिअल ॲनालिसिस' २००६ मध्ये स्प्रिंगरकडून आलं, दुसरी आवृत्ती २०१८ ची. बारावीचं कॅल्क्युलस आणि टी.वाय.चं ॲनालिसिस यांच्यामध्ये जी दरी असते, तिच्यावर यांनी व्यवस्थित पूल बांधलाय. सांतत्य सिक्वेन्सवरून सांगितलंय. लॉग, घातांकी आणि त्रिकोणमितीय फलं 'तुम्हाला माहीतच आहेत' म्हणून गृहीत न धरता इंटिग्रलनंतर नीट उभी केलीत. प्रकरणाच्या शेवटच्या टिपा मी गोष्टीच्या पुस्तकासारख्या वाचतो. एकच तक्रार: हे सगळं एका चलाचं आहे, बहुचल हवं तर त्यांचंच दुसरं पुस्तक बघावं लागतं. घरात एकच पुस्तक ठेवायची सक्ती झाली तर मी हे ठेवेन. पण भाचीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे, मग विकत कशाला?

तिच्यासोबत संख्याशास्त्रवाली मैत्रीण आली होती. तिचा पेच गुप्ता-कपूर की कसेला-बर्जर. इथे मला फार विचार करावा लागत नाही. सुलतान चंद यांचं गुप्ता-कपूर १९७० पासून चालत आलंय. विद्यापीठाची परीक्षा, सोडवलेली उदाहरणं आणि वितरणांची सगळी गणितं यासाठी त्याला पर्याय नाही. पण 'पुरेसा सांख्यिक' म्हणजे सफिशियंट स्टॅटिस्टिक (नमुन्यातली कामाची सगळी माहिती ज्यात सामावते तो) ही कल्पना मुळात कशासाठी लागते, हे कसेला-बर्जरच्या सहाव्या प्रकरणाशिवाय मला कधी कळलं नसतं. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये काढलेला आणि ब्लॅकवेलने १९४७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला निष्कर्ष (पुरेशा सांख्यिकावर अट घातली की अंदाज बिघडत नाही, झाला तर सुधारतोच) परीक्षेत तीन ओळींत लिहिता येतो. त्याचं वजन मात्र त्या प्रकरणानंतरच जाणवतं. बी.एस्सी. संपेपर्यंत पहिलं, एम.एस्सी.च्या दारात दुसरं. एम.एस्सी. करायची नसेल तर दुसऱ्यावर पैसे घालवू नका.

थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये मात्र जुनं-नवं हा वाद खरा आहे. हॉपक्रॉफ्ट-उलमन यांचं ऑटोमाटावरचं, म्हणजे गणनयंत्रांच्या गणिती नमुन्यांवरचं, १९७९ चं पुस्तक मुखपृष्ठावरच्या मुलीमुळे 'सिंड्रेला' म्हणून ओळखलं जातं. २००१ च्या आवृत्तीत राजीव मोटवानी तिसरे लेखक म्हणून आले, मांडणी विद्यार्थ्याला सोसेल अशी झाली आणि जुना बराच जड मजकूर गळला. म्हणून फुटपाथवर 'हॉपक्रॉफ्ट' दिसलं की आधी साल बघा. एकाच नावाची ती दोन वेगळी पुस्तकं आहेत. ऑटोमाटा पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी यांतलं कुठलंच देत नाही, सिप्सर देतो. अवघड सिद्धतेआधी तो 'यामागची कल्पना काय' हे एका परिच्छेदात साध्या भाषेत सांगतो, मग सिद्धता. रूडिन जे अर्धं पान वाचवतो, तेच सिप्सर खर्च करतो. ट्युरिंग मशीनपासून एनपी-कम्प्लीटपर्यंत माणूस न दमता पोचतो. गेट या प्रवेशपरीक्षेसाठी नुसती गणितं हवी असतील तर २००१ नंतरचं हॉपक्रॉफ्ट-मोटवानी-उलमन जास्त कामाचं. कॉम्प्लेक्सिटीत पुढे जायचं ठरलं तर अरोरा-बराक. २००९ च्या त्या पुस्तकाचा मसुदा लेखकांनीच जालावर मोफत ठेवलाय.

अल्गोरिदमला सगळे कॉरमेन घेतात. १३०० च्या आसपास पानांचा तो ग्रंथ सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उघडून दाखवणाऱ्याला मी वडापाव देईन. तो घरी, संदर्भाला. वाचायला दासगुप्ता-पापादिमित्रिऊ-वझिरानी.

आता प्रतींबद्दल. फक्त आपल्या उपखंडात विकायच्या स्वस्त आवृत्त्यांचा कागद पातळ असतो, ते चालतं. पण काही आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांत स्वाध्यायांचे क्रमांक बदललेले असतात, आणि मग सर 'सतरावा सोडवा' म्हणाले की आपण भलताच सोडवून येतो. वर्गातल्या कुणाची तरी प्रत शेजारी धरून खात्री करा. फुटपाथवर, मग ते फ्लोरा फाउंटन असो की किंग्ज सर्कल, पावसाळ्यात पुस्तक मधोमध उघडून वास घ्या. ओल आतून सुरू होते. शेवटची वीस पानं मोजा, सूची आणि उत्तरं तिथेच असतात आणि सगळ्यात आधी तीच सुटतात. आणि कुलाब्याच्या टीआयएफआरची गणितावरची व्याख्यानमाला, ज्यात सीगेलसारख्यांची व्याख्यानं आहेत, जालावर फुकट आहे. ती आत्ता नको, एम.एस्सी.नंतर.

भाचीकडे सहा महिने होते, म्हणून तिला बार्टल-शेर्बर्ट जुनं घ्यायला सांगितलं, घोरपडे-लिमये ग्रंथालयातून, आणि ताओचा पहिला भाग परीक्षा झाल्यावर मार्चमध्ये. शनिवारी ती परत किंग्ज सर्कलला गेली. बार्टल मिळालं. कव्हर फाटलेलं रूडिनही अजून तिथेच होतं, आणि विक्रेत्याने ते वर चाळीस रुपयांत देऊ केलं. तिने घेतलं. मी काही बोललो नाही. मीही घेतलंच असतं.