1955चा क्लेमेंटे, ग्रेड 4: जुन्या कार्डांत पैसे घालायचे तर इथे

टॉप्स कंपनीचं 1955चं बेसबॉल कार्ड, क्रमांक 164, पोर्तो रिकोचा खेळाडू रॉबेर्तो क्लेमेंटे. पीएसए, म्हणजे कार्डांना 1 ते 10 ग्रेड देणारी कंपनी; तिच्या स्लॅबमध्ये, म्हणजे बंद प्लास्टिकच्या पेटीत, ग्रेड 4. जुन्या अमेरिकी क्रीडाकार्डांपैकी पुढे भाव कशाला येईल असं कोणी विचारलं की मी हेच कार्ड पुढे करते. ते माझ्याकडे आहे आणि विकायचं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मोकळेपणानं लिहिता येतं.

माझी नोकरी छापखान्यातली, रंग तपासण्याची. त्यामुळे कार्ड हातात आलं की खेळाडूच्या आधी छपाई दिसते. 1955चा सेट आडवा आहे: डावीकडे-उजवीकडे पसरलेला रंग, त्यावर मोठा चेहरा, शेजारी खेळताना काढलेली छोटी आकृती, संघाचं चिन्ह आणि छापील सही. क्लेमेंटेच्या मागे हिरवा आहे, खालपासून वर फिका होत जाणारा. माझ्या प्रतीचे चारही कोपरे गोलावलेत, पाठीमागे एक पुसट डाग आहे, पण रंगांचं रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापलेल्या रंगांची जुळणी, अचूक बसलंय. चेहऱ्याच्या कडेला लाल-निळी सावली सुटलेली नाही. चारही बाजूंची पांढरी किनार जवळजवळ सारखी आहे. त्या काळच्या कटिंगमध्ये हे सहज मिळत नाही.

आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. जुन्या कार्डात ग्रेडच्या आकड्यापेक्षा नजरेला काय दिसतं ते जास्त टिकतं. सेंटरिंग चांगलं (चित्र कार्डाच्या बरोबर मधोमध), रंग ताजे आणि कोपरे झिजलेले असा 4, हा तिरक्या कापलेल्या 6 पेक्षा मला कधीही चालेल. विकायला काढल्यावर गिऱ्हाईकही तसंच बघतं. चांगल्या दिसणाऱ्या 4 ला त्याच ग्रेडच्या इतर प्रतींपेक्षा जास्त बोली लागते.

भाव वाढेल असं का वाटतं? क्लेमेंटेचं हे रुकी कार्ड, म्हणजे पहिलं. क्रमांक 161 ते 210 ही त्या सेटची शेवटची मालिका. ती मोसमाच्या अखेरीस दुकानांत आली आणि आधीच्या मालिकांपेक्षा कमी सापडते. दुसरं कारण माणूस. पिट्सबर्ग पायरेट्सकडून 1972च्या मोसमाअखेर त्याचे बरोबर 3000 हिट (चेंडू मारून सुरक्षित बेस गाठणं) झाले. त्याच वर्षी 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. पोर्तो रिकोत आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत त्याचं नाव आदरानं घेतलं जातं, आणि तिथली पोरं आज मोठ्या संख्येनं बेसबॉल खेळतात. 1957पासून 1969पर्यंत टॉप्स त्याला कार्डावर ‘बॉब’ करून टाकत असे. 1955च्या कार्डावर मात्र तो रॉबेर्तोच आहे. ज्याला तो माणूस प्रिय आहे त्याला हेच कार्ड हवं असतं.

आता याच्याशी तुलना करा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या फ्लीर कंपनीच्या 1986च्या कार्डाची, क्रमांक 57. कार्ड सुंदर आहे, खेळाडूबद्दल तर बोलायलाच नको. जानेवारी 2021 मध्ये पीएसए 10ची प्रत 7,38,000 डॉलरला गेली, आणि काही महिन्यांतच भाव निम्म्याच्याही खाली उतरला. पीएसए 10 असलेल्या प्रती तीनशेहून जास्त आहेत. जे कार्ड विकत घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून जपून ठेवलं, ते ‘दुर्मीळ’ कसं होणार? अपर डेक कंपनीच्या 1989च्या सेटमधला बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियर तर त्याहून वाईट, 10 मिळालेल्या प्रतीच चार हजारांवर आहेत. साधारण 1987 ते 1993मधला माल आठवण म्हणून जरूर ठेवा, पण भाव वाढेल म्हणून घेऊ नका. त्या काळात छापखाने थांबतच नव्हते.

1952च्या टॉप्समधल्या मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या कार्डाबद्दल मला विचारतात. ऑगस्ट 2022 मध्ये एका प्रतीला 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले. त्याचं खरं रुकी कार्ड मात्र बोमन कंपनीचं, 1951चं, क्रमांक 253, आणि ते खूप स्वस्त आहे. मला तेच जास्त समजूतदार वाटतं. 1952च्या कार्डामागची गोष्ट मोठी आहे, न खपलेल्या पेट्या 1960 मध्ये अटलांटिक महासागरात टाकल्या गेल्या वगैरे. पण ती गोष्ट भावात कधीच मोजून झाली आहे.

घेताना भिंग हातात हवंच. त्या काळच्या छपाईत अक्षरं वेगळ्या प्लेटमधून सलग शाईनं येत. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात. दहापटीच्या भिंगाखाली हे लगेच कळतं. दुसरं, कड. 1955चं कार्ड साधारण 2.6 बाय 3.75 इंच, मोजून थोडं लहान निघालं तर कोणीतरी झिजलेली कड कापून ‘ताजी’ केलेली असू शकते. स्लॅबवर डोळे मिटून विसंबू नका. पीएसएनं ग्रेड केलेलं सगळ्यात पहिलं कार्ड म्हणजे जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं टी206 या सिगारेट-कार्डांच्या सेटमधलं कार्ड, ज्याला 8 मिळाला होता. ते कापलेलं होतं, हे पुढे 2013 मध्ये ते विकणाऱ्या लिलावदारानंच न्यायालयात कबूल केलं.

क्लेमेंटे आता खिशाला जड झालाय हे खरं. ग्रेड 2 किंवा 3 मध्ये चांगली दिसणारी प्रत शोधा, मोठी घडी चेहऱ्यावरून गेलेली नको. आणि लिलावात घेत असाल तर बोलीवरचं कमिशन आधी धरा. ते वीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि तेवढी वाढ होईपर्यंत तुम्ही तोट्यातच असता. वर्षभरात पैसे सुटे करायचे असतील तर या वाटेला जाऊच नये.

एवढे पैसे नसतील तर माझी नजर बेसबॉलपटू लॅरी डोबीवर आहे. मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगांपैकी अमेरिकन लीगमध्ये जुलै 1947 मध्ये उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. दुसऱ्या, नॅशनल लीगमध्ये वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर अवघ्या तीन महिन्यांनी तो आला, अपमान तेवढेच सोसले, आणि कौतुक मात्र त्याच्या वाट्याला फार थोडं आलं. 1949च्या बोमनमधलं त्याचं कार्ड, क्रमांक 233, त्या सेटच्या कमी सापडणाऱ्या वरच्या मालिकेतलं आहे. त्याच मालिकेत 224 वर पिचर सॅचेल पेज. निग्रो लीगची, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगांची आकडेवारी 2024 मध्ये मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत आली, तेव्हापासून या खेळाडूंबद्दल नव्यानं वाचलं-बोललं जातंय. पेजकडे लोक कधीच वळलेत. डोबी अजून रॉबिन्सनपेक्षा बराच स्वस्त मिळतो. हे फार काळ असं राहील असं मला वाटत नाही, म्हणून सध्या मी नीट सेंटर असलेला एक 3 शोधतेय.