आण्णांचं कानाचं मशीन: सहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव (लातूर)

वडिलांसाठी, म्हणजे आमच्या आण्णांसाठी, जानेवारीत दोन्ही कानांची मशीनं घेतली. आता सहा महिने झाले म्हणून सविस्तर लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी किती शोधलं तरी मराठीत नीट कुणी लिहिलेलं सापडलं नाही. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मला जाहिरात करायची नाहीये.

आण्णा 75 वर्षांचे, झेडपीच्या शाळेत मास्तर होते. मागची चार-पाच वर्षं ऐकायला कमी येत होतं पण घरात सगळ्यांनी ते वयावर ढकललं, मी पण. ते स्वतः म्हणायचे आवाज येतो पण काय बोलायलेत ते कळत नाही. आई विचारायची साखर घालू का, हे म्हणायचे भाकर नको आत्ता. सुरुवातीला पोरं हसायची, आण्णा पण हसायचे. मग ते हसायचे बंद झाले. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला जायचे ते बंद केलं, विचारलं तर म्हणाले तिथं बसून उगं मान हलवायची, कशाला. लग्नाला जाणं बंद, पारावर बसणं बंद. दिवसभर खोलीत एकटे. आई ओरडून ओरडून थकायची आणि शेजारच्यांना वाटायचं की यांची भांडणं चालू आहेत.

आणि मग तब्येत घसरायला लागली. रात्री झोप नाही, जेवण अर्ध्यावर, चालणं बंद म्हणून शुगर वाढलेली. डॉक्टरकडे नेलं की बीपी बघायचे, गोळी वाढवायचे, झोपेची एक गोळी पण सुरू झाली. दोन वर्षांत एकानेही आण्णांना विचारलं नाही की दिवसभर तुम्ही कुणाशी बोलता? मी पण नाही विचारलं, हे मला आजही टोचतं. एकदा रात्री मला म्हणाले, तुम्ही सगळे माझ्याबद्दल हळू बोलता ना. आम्ही तर नेहमीसारखंच बोलत होतो.

पहिल्यांदा एका दुकानात गेलो तिथं तपासणी न करताच डबीतून मशीन काढून कानात घातलं आणि 6,000 घेतले. त्यातून फक्त सगळा आवाज मोठा व्हायचा, कुकरची शिट्टी आणि माणूस एकाच मापात, चार दिवसांत आण्णांनी ते कपाटात ठेवलं. म्हणून कळकळीनं सांगते, ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, केल्याशिवाय मशीन घेऊच नका.

दुसऱ्या ठिकाणी ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बंद खोलीत तपासणी केली आणि कागदावरची रेघ दाखवून समजावलं की उतारवयात आधी बारीक, उंच आवाज जातात, स, श, त, क अशी अक्षरं, म्हणून बोलणं पुसल्यासारखं येतं आणि बायकांचा, लेकरांचा आवाज सगळ्यात आधी हरवतो. मला तिथंच रडू आलं, कारण माझ्या लेकीनं मध्यंतरी आण्णांना पाढे म्हणून दाखवायचंच सोडून दिलं होतं, आजोबा ऐकतच नाहीत म्हणून रुसली होती. मॅडमची अजून एक गोष्ट आवडली, त्या सगळं आण्णांकडे तोंड करून बोलत होत्या. मी मध्ये उत्तर द्यायला लागले तर हाताने थांबवलं. त्या दिवशी आण्णा खूप दिवसांनी ताठ बसलेले बघितले.

त्यांनीच सांगितलं की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण टाळता येण्यासारख्या 14 गोष्टी दिल्यात, त्यात ऐकू कमी येणं पण आहे आणि माणसांपासून तुटणं पण आहे. आमच्या घरात तर एकातूनच दुसरं आलं होतं. नंतर मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2025 मध्ये एकटेपणावर अहवाल काढला, जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणा सोसतोय आणि वर्षाला 8,71,000 मृत्यूंशी त्याचा संबंध लावलाय. मी आपली बीपीच्या गोळ्यांचा डबा भरत बसले होते.

आता मशीनबद्दल. कानामागे बसणारं आहे, दोन्हीचे मिळून 38,000 झाले, दहा दिवस घरी ट्रायल मिळाली. पहिला आठवडा अवघड गेला. भांड्यांचा आवाज कानात घुसायचा आणि स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा यायचा, त्यामुळे आण्णा काढून टाकायचे. मॅडमनी सांगितलं होतं रोज दोन तासच घाला, मग हळूहळू वाढवा, तसंच केलं. तिसऱ्या आठवड्यात लेक ओट्यावर सतराचा पाढा पाठ करत होती, एकशे दोन गाळून सरळ एकशे एकोणीसवर गेली. आतून आण्णांचा आवाज, "थांब गं, मधलं खाल्लंस." आईच्या हातातली परात तशीच राहिली.

हरिपाठाला जायला मात्र महिना लागला. टाळांचा आवाज सहन व्हायचा नाही म्हणून मॅडमनी वेगळं सेटिंग करून दिलं, एक बटण दाबलं की टाळ मऊ होतात. पहिल्या दिवशी देवळात एक जण म्हणाले, "मास्तर, कुठं गायब झाला होताव?" आता रोज जाऊन येऊन चालणं होतं, आल्यावर भूक लागते, तिथल्या गप्पा आईला सांगत जेवतात. बीपीच्या गोळ्या आहेत तशाच आहेत, मशीननं रोग बरा होतो असं मी म्हणत नाही. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली, शुगर आटोक्यात आलीय.

त्रास पण सांगते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कानामागे घाम येतो, मशीन पुसून रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावंच लागतं. बॅटरी 13 नंबरची, आठ-नऊ दिवस चालते, स्टिकर काढला की वापरा नका वापरू ती संपायला सुरुवात होते, हे माहीत नसल्यानं आम्ही एक अख्खं पाकीट वाया घालवलं. कानात बसणारा साचा सैल झाला की मशीनमधून शिट्टी वाजते, दोनदा बदलून घ्यावा लागला. फोनवर अजून नीट जमत नाही. आणि गंजगोलाईच्या बाजारात, जिथं सोळा रस्ते एकत्र येतात, तिथं संध्याकाळी गेलो की आण्णा सरळ मशीन काढून खिशात टाकतात. गर्दीत महागड्या मशीनचा पण थोडाफार गोंधळ होतो म्हणे.

पैशाचं म्हणाल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 च्या पुढच्यांना, वर्षाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, 3,000 रुपये मिळतात. तेवढ्यात असं मशीन येत नाही, पण शेजारच्या काकूंच्या साच्याला आणि बॅटरीला हातभार लागला.

माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार, एक कापला तो फोनसाठी आणि साच्यासाठी. मॅडमच्या वागण्याला पूर्ण 5.

एसटीचा प्रवास 75 नंतर फुकट आहे, 2022 पासून. आण्णा 75 चे झाले तरी कधी गेले नव्हते, कंडक्टर काय विचारतोय ते कळायचं नाही आणि चारचौघांत दोनदा विचारायची लाज वाटायची. मागच्या सोमवारी एकटे अंबाजोगाईला गेले, शाळेतल्या जुन्या मित्राकडे. संध्याकाळी त्या मित्रानेच फोन केला की मास्तर आज मुक्कामाला आहेत, वाट बघू नका. मागून आण्णा ओरडले, बॅटरी आणलीय म्हणून सांग तिला.