याकोबाच्या कसोटीवर नवापूरची एक खानावळ

नवापूर बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका ख्रिस्ती कुटुंबाची जुनी खानावळ आहे. तिथल्या जेवणाविषयी लिहिण्याआधी तिथे माणसाला कसे बसवतात याविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण गल्ल्यामागच्या भिंतीवर 'याकोब, अध्याय २' एवढीच अक्षरे रंगवलेली आहेत आणि ज्याने तो अध्याय वाचला आहे तो या जागेची पारख त्याच कसोटीवर करणार.

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या त्या अध्यायातला प्रसंग थोडक्यात असा आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची पोशाखातला एक माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगितले जाते. असे वागणारे लोक दुष्ट बुद्धीचे न्यायाधीश होत, असे याकोब स्पष्ट सुनावतो. कोणाला कुठे बसवले, ही बाब त्याला किरकोळ वाटत नाही.

दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात. गाठोडी, पातेली, कोयते आणि कडेवर पोर अशा अवस्थेत ती बसची वाट पाहत असतात. महामार्गावरच्या एका ढाब्यात अशाच एका कुटुंबाला "आधी पैसे दाखवा" असे म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे. या खानावळीत मात्र मालकीणबाई गल्ला सोडून पुढे येतात, मावची या आदिवासी बोलीत दोन शब्द बोलतात आणि गाठोडी भिंतीकडेला अशी ठेवून घेतात की जेवता जेवता ती डोळ्यांसमोर राहावीत. ताट तेच, पेला तोच आणि शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीच्या शर्टातल्या साहेबांना जे वाक्य ऐकू येते तेच यांनाही: "दादा, हात धुऊन घ्या, भाकरी तव्यावरच आहे."

बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सोळावा अध्याय या वागण्याच्या मुळाशी आहे. इशायाचा थोरला मुलगा अलियाब याला पाहताच हाच राजा होणार असे नवा राजा निवडायला आलेल्या संदेष्ट्या शमुवेलाला वाटले, पण देवाने त्याला उंची आणि रूप पाहू नकोस असे बजावले, कारण माणूस बाहेरचे पाहतो आणि देव हृदय पाहतो. सात मुलगे पुढून गेले आणि निवड झाली ती मेंढरांमागे गेलेल्या धाकट्या दावीदाची. पुढच्याच ओळींत दावीद देखणा होता असेही लिहिले आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. म्हणजे चांगले दिसणाऱ्याला कमी लेखावे, असा या शिकवणीचा अर्थ होत नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि बड्याची भीडही धरू नये, असे दोन्ही सांगितले आहे. म्हणून इथे साहेबांनाही अदबीने वाढले जाते, याचे मला विशेष वाटते.

उधारीचा प्रश्न मात्र विचार करायला लावणारा आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती मिळते, अनोळखी माणसाला मिळत नाही. मला यात पक्षपात दिसत नाही, कारण हृदय पाहण्याची शक्ती माणसाला नाही आणि झाड फळांवरून ओळखावे, हे येशूचेच सांगणे आहे. वर्षानुवर्षांच्या व्यवहारावरून विश्वास ठेवणे वेगळे आणि कपड्यांवरून ठेवणे वेगळे.

खरी उणीव वेगळीच आहे. मालकीणबाई आत असताना वाढणाऱ्या मुलाने पंख्याखालच्या टेबलावरून तान्हे मूल घेऊन बसलेल्या एका मजूर बाईला "ताई, जरा तिकडे बसा" म्हणून उठवले आणि गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला तिथे बसवले. ती बाई काही न बोलता उठली, ताट स्वतःच उचलून घेऊन गेली. मालकीणबाईंच्या कानावर हे घातले तेव्हा त्यांनी सबब सांगितली नाही, मुलाला त्या बाईची माफी मागायला लावली. तरीही धनिणीच्या स्वभावावर सगळे अवलंबून राहू नये. ते टेबल लेकुरवाळ्या बायका आणि वृद्ध यांच्यासाठी राखून ठेवावे आणि तशी पाटी लावावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

जेवण साधे आणि उत्तम. भौगोलिक मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तुरीच्या डाळीचे वरण दाट, लसणाच्या फोडणीचे. थंडीत वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी अवश्य मागावी. शेवभाजीवर तेलाचा तवंग नको तितका असतो. दुपारी एकच्या सुमारास भाकरीला वेळ लागतो, तेव्हा गाडी गाठायची असल्यास आधी पोहोचावे. रविवारी उपासनेमुळे खानावळ दुपारनंतरच उघडते.